टेलिस्कोपला डीएसएलआर जोडला, पण चंद्र काही फोकस होईना!

गच्चीवरचा_चांदोबा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलोय म्हणून लिहितोय.

गेल्या दिवाळीत लेकीच्या नावाखाली टेलिस्कोप घेतला. १३० मिमी आरशाचा न्यूटोनियन, फोकल लेन्थ ६५० मिमी, विषुववृत्तीय स्टँड, मोटर नाही. लेक दोन महिन्यांत कंटाळली आणि बाप मात्र नादाला लागला. घरात कॅनन १२००डी पडून होताच. म्हटलं, जोडून बघू. टी-रिंग (कॅमेऱ्याला लेन्सच्या जागी बसणारं कडं) आणि सव्वा इंची अडॅप्टर मागवला. परवा डोंबिवलीच्या आमच्या गच्चीवर चंद्र छान वर आला होता. आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढली, कॅमेरा खोचला, लाइव्ह व्ह्यू लावला. स्क्रीनवर एफ०० दिसतंय (लेन्स नाही म्हणून असावं) आणि मधोमध पांढरा धूसर गोळा.

फोकसरची (आयपीस धरून आतबाहेर सरकणाऱ्या नळीची) चाकी फिरवत गेलो. गोळा लहान होत गेला, अजून लहान झाला, आता चंद्र होणार असं वाटलं आणि नळी आत जाऊन टक्कन टेकली! पुढे जागाच नाही. एकही विवर दिसलं नाही. आयपीस लावली की तोच चंद्र सुईसारखा स्पष्ट दिसतो.

तर प्रश्न असा: अडॅप्टर चुकीचा आलाय, टेलिस्कोप खराब आहे, की माझंच काही चुकतंय?

गंपूशेठ
तिसरा पर्याय नेहमी आधी तपासावा. (हलकेच घ्या.)

ध्रुवबाळ_पुणे
चांदोबा, तिन्ही नाही. न्यूटोनियनवाल्या प्रत्येकाला पहिल्या रात्री हेच होतं. मीही त्यातलाच.

आरशाने गोळा केलेला प्रकाश नळीच्या बाहेर एका ठरावीक जागी एकवटतो. तुमचा टेलिस्कोप डोळ्याने बघण्यासाठी बनवलाय, त्यामुळे ती जागा फोकसरच्या तोंडापासून जरा वर, आयपीस जिथे बसते तिथे ठेवलेली असते. डीएसएलआरचा सेन्सर मात्र कॅमेऱ्याच्या तोंडाशी नसतो. मध्ये तो हलणारा आरसा आहे ना, त्याला जागा लागते. कॅननमध्ये माउंटच्या कड्यापासून सेन्सर ४४ मिमी आत, निकॉनमध्ये ४६.५. त्यात टी-रिंगची जाडी धरली की एकूण ५५ मिमी, सगळ्या कंपन्यांना हेच माप. म्हणजे प्रतिमा तयार होते ती सेन्सरच्या अलीकडेच. तुम्हाला सेन्सर आणखी आत न्यायचाय आणि फोकसर म्हणतो, माझं संपलं.

उपाय दोन. एक, बार्लो (फोकल लेन्थ वाढवणारं जोडभिंग) लावा. त्याने फोकसची जागा बाहेर सरकते. दोन, मुख्य आरसाच नळीत पुढे सरकवा. आरसा जितका पुढे, फोकस तितकाच बाहेर.

पण आधी मोजा. फोकसर पूर्ण आत घ्या, आयपीस काढा, त्या भोकावर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरून चंद्राकडे रोखा. कागद वरखाली केला की एका उंचीवर चिमुकला चंद्र कागदावर उमटेल, डागांसकट. तोंडापासून ती उंची किती, ते पट्टीने मोजा आणि इथे सांगा.

दोन_डोळे
मी अरसिक म्हणून प्रसिद्ध आहे, तरी बोलतो. टेलिस्कोप ही डोळ्याने बघायची वस्तू आहे. शनीची कडी पहिल्यांदा दिसतात तेव्हा माणूस जे "अगंबाई!" म्हणतो ते स्क्रीनकडे बघून निघत नाही. पैसे, वेळ आणि झोप घालवून तुम्ही जो फोटो काढाल त्याच्या हजारपट चांगला फोटो हबलने काढून फुकट ठेवलाय. तुमच्या लेकीचा कंटाळासुद्धा कॅमेऱ्याने जाणार नाही.

अरुंधती_के
दोन_डोळे, अर्धं पटलं. पण मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा ढग) डोळ्याने बघितलात तर राखाडी, फार तर किंचित हिरवट फुंकर मारल्यासारखा दिसतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. सेन्सर तीस सेकंद प्रकाश साठवत बसतो, डोळा नाही साठवत. तो गुलाबी रंग मी स्वतःच्या सहा इंची आरशातून पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिला, तेव्हा माझ्याही तोंडून "अगंबाई"च निघालं होतं. आणि तो आरसा मी स्वतः घासलेला, पुण्याला आयुका या खगोल संस्थेच्या कार्यशाळेत. हबलचा फोटो मी काढलेला नसतो ना!

दोन_डोळे
ठीक, पण त्याच तेजोमेघाच्या पोटातले चार तारे डोळ्याला स्वच्छ सुटे दिसतात. तुमच्या फोटोत तिथे पांढरा भगभगीत ठिपका असतो. डोळा मंद आणि तेजस्वी एकाच वेळी सांभाळतो. हे कुठलाच फोटोवाला कबूल करत नाही.

अरुंधती_के
करते की. दोन सेकंदांचे फोटो वेगळे आणि तीस सेकंदांचे वेगळे काढून नंतर जोडावे लागतात. :)

परदेशस्थ_पक्या
सोपा उपाय: मिररलेस घ्या. आरसाच नाही म्हटल्यावर सेन्सर १६-२० मिमीवर येतो, प्रश्न मिटला. इथे व्हर्जिनियात आमच्या क्लबात आता डीएसएलआर फारसा कुणी वापरत नाही.

ध्रुवबाळ_पुणे
पक्या, मिटत नाही. बाजारातली मिररलेसची टी-रिंग मुद्दाम लांब नळीसारखी करतात, एकूण ५५ मिमी भरावं म्हणून. कमी उंचीचा अडॅप्टर मुद्दाम शोधून घेतला तरच फायदा. चांदोबांकडे कॅमेरा आहे, त्यांना नवा घ्यायला लावू नका.

गंपूशेठ
माझीही एक करुण कहाणी ऐका. दुकानात "एम ४२ अडॅप्टर" लिहिलेली रिंग दिसली. टी-रिंगचे आटे एम ४२ असतात एवढं मी वाचलं होतं. म्हटलं वा, स्वस्तात पडली. घरी येऊन लावली तर दीड आटा गेली आणि रुतली. पुढे जाईना, मागे येईना. नंतर कळलं, ती जुन्या झेनिट-पेंटॅक्सच्या लेन्सांसाठीची होती. व्यास तोच ४२ मिमी, पण आट्याचं अंतर १ मिमी. टी-रिंगचं ०.७५. शेवटी नळ दुरुस्तीवाल्याने पान्याने सोडवली आणि विचारलं, "साहेब, हा कुठल्या नळाचा पार्ट?"

म्हणजे बघा, एम ४२चा फोटो काढायला निघालो आणि एम ४२मध्येच अडकलो.

जुना_भिंग
हा हा, गंपूशेठ. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: मृगातल्या तेजोमेघाचा मेसिए यादीतला (तेजोमेघ, तारकागुच्छ वगैरेंची जुनी यादी) क्रमांकही ४२च.

त्यावरून आठवलं. तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो याच एम ४२चा. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला, उघडीप (एक्स्पोजर) ५१ मिनिटं! दुर्बीण ११ इंची. आणि आपणही मागे नव्हतो बरं. पुण्यात विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती, कावसजी नायगमवाला तिचे प्रमुख. वीस इंची ग्रब दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सगळा सरंजाम घेऊन जेऊरला गेले होते, सोलापूरकडच्या. त्या काळी काचेच्या प्लेटा, डोंगराएवढे खोके! ते १९१२ साली निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात आज किती जणांना हे ठाऊक आहे?

मालवणी_खाजा
काका, जेऊर माहीत नव्हतं. धन्यवाद.

कोकण-गोव्याकडच्यांनी एक लक्षात ठेवा: इथे टेलिस्कोपचा खरा शत्रू ढग नाही, बुरशी. पावसाळ्याचे चार महिने पेटी बंद ठेवलीत तर गणपतीत उघडल्यावर भिंगावर कोळ्याचं जाळं दिसेल, पण ते कोळ्याचं नसतं. माझी ५० मिमीची लेन्स अशीच गेली. आता हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि महिन्यातून एकदा ती जेल तव्यावर गरम करून परत निळी करायची. आई विचारते, "काय भाजतंस?"

गच्चीवरचा_चांदोबा
मंडळी, केवढी माहिती! ध्रुवबाळ, मोजलं. बटर पेपरवर खरंच नखाएवढा चंद्र उमटला. लेकीला हाक मारून दाखवला, तिने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि दहा मिनिटं तीच वरखाली करत बसली. फोकसरच्या तोंडापासून उंची ३० मिमी, एखादा मिमी इकडेतिकडे.

ध्रुवबाळ_पुणे
नखाएवढाच असणार. चंद्राच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे फोकल लेन्थ भागिले साधारण ११०. तुमच्या ६५०ला सहा मिमी.

आता हिशोब: सेन्सर टी-रिंगसकट ५५ मिमीवर, अडॅप्टरची कड धरा चार-पाच मिमी. म्हणजे तोंडापासून ६० मिमीवर सेन्सर, आणि प्रतिमा ३० वर. तूट ३० मिमीची. आरसा सरकवायचाच झाला तर ३५ मिमी सरकवा, फोकसरला पुढेमागे खेळायला थोडं राहील.

पण एवढ्यात नळी फोडू नका. आधी दुप्पट बार्लो लावा. फोकल लेन्थ १३०० होईल, चंद्र १२ मिमीचा होईल आणि तुमच्या २२ बाय १५ मिमीच्या सेन्सरवर मावेल. चंद्रापुरतं बघाल तर बार्लोच बरी. बऱ्याच बार्लोंचं वरचं टोपण फिरवून काढलं की आत टी-रिंगचे आटे असतात, म्हणजे मधला अडॅप्टरही नको.

गच्चीवरचा_चांदोबा
आहेत हो आटे! तीन वर्षं... म्हणजे तीन महिने ती बार्लो माझ्याकडे आहे, कधी फिरवून बघितली नव्हती. आज रात्री प्रयोग.

गच्चीवरचा_चांदोबा
आला! अष्टमीचा चंद्र, उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं अशी उठून दिसली की बायकोलाही वर बोलावलं. आयएसओ ४००, १/६० सेकंद. पण फोटो स्क्रीनवर दिसतो तितका तीक्ष्ण येत नाही, प्रत्येक कडेला सावलीसारखी दुसरी कड. फोकस तर लाइव्ह व्ह्यूत १० पट मोठं करून केला होता.

अरुंधती_के
हात लागतोय. बटण बोटाने दाबू नका, टायमर १० सेकंदांवर लावा. स्टँडची थरथर थांबायला तेवढा वेळ लागतोच. आणि फोटोही लाइव्ह व्ह्यूतूनच काढा, म्हणजे कॅमेऱ्याचा आरसा आधीच वर असतो, त्याचा धक्का बसत नाही. स्टँडचे पाय पूर्ण लांब करू नका, मधल्या ट्रेखाली पाण्याची पाच लिटरची बाटली टांगा. रॉमध्ये काढा. एकच फोटो नको, पन्नास काढा. हवा हलत असते, त्यातले चार-पाच चांगले निघतात. ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चांगले निवडून एकावर एक रचतं.

गुरू-शनीला फोटो नकोच, व्हिडिओ घ्या. तुमच्या ६५० मिमीवर गुरू जेमतेम ३०-३५ पिक्सेलांचा येईल. बार्लोने त्याच्या दुप्पट. पोस्टाच्या तिकिटाएवढं स्वप्न ठेवा, मग आनंद मिळतो.

गंपूशेठ
बायकोला वर बोलावलं हे उत्तम. मी एकटाच रात्री साडेअकराला गच्चीवर असायचो. समोरच्या इमारतीतून सोसायटीला तक्रार गेली, "तुमच्याकडचे एक गृहस्थ आमच्या घरात दुर्बीण लावतात." सेक्रेटरी, वॉचमन आणि तक्रारदार अशी तिघांची वरात गच्चीवर. मी त्यांना शनी दाखवला. तक्रारदार पाऊण तास हललेच नाहीत. आता दर शनिवारी चहा घेऊन तेच येतात.

नागपुरी_संत्रं
डोंबिवलीत बसून तुमी काऊन रडून रायले भाऊ? आमच्याकडे या. पेंचले जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा भेटला, भारतातला पयला. आजूबाजूच्या गावातले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंडाचे केले. हिवाळ्यात आकाशगंगा अशी दिसते का डोळे फाटून जातात. फक्त स्वेटर आणा, आन् वाघाले टेलिस्कोप दाखवू नका.

दोन_डोळे
हे बाकी शंभर टक्के खरं. पैसे कॅमेऱ्यावर घालवण्यापेक्षा पेट्रोलवर घालवा. मुंबईकरांना पूर्वी वांगणीही पुरायचं, खगोल मंडळाबरोबर किती रात्री काढल्या तिथे! आता तिथूनही क्षितिजाला पिवळी झळाळी येते.

गच्चीवरचा_चांदोबा
एक विचारायचं राहिलं. चंद्र जमला तर सूर्यावरचे डागही काढता येतील का? आयपीसबरोबर एक बारीक काळी काच आली होती, "सन" लिहिलेली.

ध्रुवबाळ_पुणे
ती काच आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाका. विनोद नाही. ती आयपीसला लावायची असते, म्हणजे आरशाने एकवटलेली सगळी उष्णता तिच्यावर. तडकली की पुढचा क्षण डोळ्याचा. कॅमेरा असेल तर शटरचे पडदे वितळतात.

फिल्टर नेहमी नळीच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश आत शिरायच्या आधी. सोलर फिल्म मिळते, ५.० घनतेची घ्या. ३.८ची असते ती फक्त फोटोसाठी, ती चुकूनही डोळ्याला नको. पुठ्ठ्याची घट्ट टोपी करून तिला लावा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टी मारा. आणि फाइंडर, तो छोटा दुर्बिणीसारखा भाग, त्याला टोपण हवंच. २०१९च्या २६ डिसेंबरच्या ग्रहणाला आमच्यातल्या एकाने मोठ्या नळीला फिल्टर लावला आणि फाइंडर उघडा ठेवला. तो वाकून काही शोधत होता, तेवढ्यात शर्टाच्या कॉलरला वास यायला लागला. बरोबर कडेला गोल भोक. डोळा असता तर?

मालवणी_खाजा
आपल्याकडे दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७. खंडग्रास, आणि ऑगस्ट. म्हणजे फिल्टर फुकट मिळणार, ढगांचा.

गच्चीवरचा_चांदोबा
काच फेकली. लेकीने आधी तिच्यावर हातोडी मारली, कुणी उचलू नये म्हणून.

आता तेजोमेघाची हाव सुटलीय. मोटर नसताना काय जमेल?

अरुंधती_के
मोटरशिवाय टेलिस्कोपमधून नाही जमत. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. तुमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.४ विकला, म्हणजे एका सेकंदात तारा दहा-अकरा पिक्सेल पळतो. चंद्राला १/६० चालतं, तेजोमेघाला किमान दहा-पंधरा सेकंद हवेत. तुमच्या स्टँडला एका अक्षाची मोटर मिळते, ती घ्या. मग स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखावा लागेल. आपल्याकडे ध्रुव जेमतेम १९ अंशांवर, बहुतेक वेळा कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीमागे.

जुना_भिंग
मोटर येईपर्यंत हातचं सांगतो. आम्ही तरुणपणी टेलिस्कोपशिवायच काढायचो. दोन फळ्या, एक बिजागरी, एक एम ६चा लांब बोल्ट. बोल्टचा आटा १ मिमीचा, म्हणून बिजागरीच्या पिनेपासून बोल्ट बरोब्बर २२.८ सेंटीमीटरवर घ्यायचा. बिजागरी ध्रुवाकडे. मग घड्याळ बघत मिनिटाला एक फेरा बोल्ट फिरवायचा, वरची फळी आकाशाबरोबर वळते. तिच्यावर कॅमेरा, ५० मिमी लेन्स. सहज दोन मिनिटांची उघडीप मिळते. मृगाचं सगळं नक्षत्र एका चौकटीत.

दोन_डोळे
हे मला आवडलं. सुताराकडे जातो.

गंपूशेठ
नोंद घ्यावी: धाग्यावरचा पहिला धर्मांतराचा प्रसंग.

परदेशस्थ_पक्या
एक भर. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे जो फिल्टर असतो तो ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल बराचसा अडवतो. म्हणून लाल तेजोमेघ फिके येतात. लोक तो फिल्टर काढून घेतात. कॅननने तर २०१२ मध्ये ६०डीए नावाचा खास मॉडेलच काढला होता. पण एम ४२ इतका तेजस्वी आहे की साध्या कॅमेऱ्यातही येतो. कॅमेरा लगेच उघडू नका.

गच्चीवरचा_चांदोबा
धागा वर काढतोय, दीड महिन्याने.

मोटर घेतली आणि बार्लो असताना तेजोमेघ फार मंद येतो हे लक्षात आलं (एफ/५चं, म्हणजे फोकल लेन्थ आरशाच्या व्यासाच्या पाचपट, एफ/१० झालं की चौपट वेळ). म्हणजे आरसा सरकवणं आलंच. तीन रात्री झोप लागली नाही. शेवटी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नळी नेली. आधी आरसा काढून टॉवेलमध्ये गुंडाळून लेकीच्या मांडीवर दिला आणि सांगितलं, हलायचं नाही. आरशाची चौकट ज्या तीन स्क्रूंनी नळीला धरली होती ती भोकं मोजून ३५ मिमी पुढे नवी पाडली. त्याने ड्रिल लावण्याआधी विचारलं, "नक्की ना?" मी डोळे मिटून हो म्हटलं.

घरी येऊन जुळवलं, आरशाच्या मध्यावर ठिपका होता म्हणून संरेखन (आरसे एका रेषेत आणणं) जमलं. कॅमेरा लावला. चाकी फिरवली. व्याध तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला आणि चाकीला अजून जागा शिल्लक!

मग लेकीने आयपीस लावली आणि म्हणाली, "बाबा, आता मला दिसत नाही."

ध्रुवबाळ_पुणे
अभिनंदन! आणि हो, हे सांगायचं राहिलं माझं. फोकस ३५ मिमी बाहेर गेला तसा आयपीसलाही बाहेर जावं लागणार. फोकसर पूर्ण बाहेर काढूनही कमी पडत असेल. सव्वा इंची एक्स्टेन्शन नळी मिळते.

गच्चीवरचा_चांदोबा
तूर्तास आयपीस दीडेक सेंटीमीटर वर उचलून बाजूचा स्क्रू आवळला. दिसतंय. पण लेक दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

तर शनिवारी सासऱ्यांच्या गावी, मुरबाडच्या पुढे. घरामागच्या शेतात टेलिस्कोप लावला. सासरे आधी म्हणाले, "बिबट्या फिरतो, कुंपणाच्या आत राहा." आठ वाजता मृग वर आला. आयएसओ १६००, १५ सेकंद, ९६ फोटो. त्यातले वीसेक वाया, कारण मोटर अधूनमधून गचका देते. दहाच्या सुमारास आरशावर नाही, पण फाइंडरवर दव साचलं. मग टोपण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीस काळे फोटो काढले, अरुंधतीताईंनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं होतं तसे, सेन्सरचे ठिपके वजा करायला. सगळे सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले. लॅपटॉप तासभर घरघरत होता.

उघडला. गुलाबी. मधे पांढरा भगभगीत ठिपका आहे (दोन_डोळे, कबूल), पण भोवतीचे पंख गुलाबी. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे आपल्या शेतातून?"

अरुंधती_के
अगंबाई!

दोन_डोळे
फोटो टाका, मग बोलू. माझ्या फळ्या तयार आहेत, बिजागरी करकरतेय.

गच्चीवरचा_चांदोबा
टाकतो. एक शंका मात्र. मधले तारे ठिपक्यासारखे आहेत, पण चारी कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना शेपट्या आल्यात, सगळ्या बाहेरच्या दिशेला. धूमकेतूंची शाळा भरल्यासारखी. स्टँड हलला म्हणावा तर मधलेही हलले असते ना?

ध्रुवबाळ_पुणे
स्टँड नाही, तो कोमा नावाचा आरशाचा दोष. एफ/५च्या न्यूटोनियनला कोपऱ्यात तो असतोच. घालवायला कोमा करेक्टर लागतो. पण तो बहुतेक दोन इंची येतो आणि तुमचा फोकसर सव्वा इंची. म्हणजे आधी फोकसर बदलायचा. दोन इंची फोकसर बसवायला नळीला मोठं भोक पाडावं लागेल.

गच्चीवरचा_चांदोबा
ध्रुवबाळ, हळू लिहा. बायको शेजारी बसून वाचतेय.

गंपूशेठ
वहिनी, नमस्कार. कोपरे कापून टाकलेला फोटोही छान दिसतो.